कार्योत्तर मंजुरी

चारुदत्त देवस्थळी फ्रँकफर्टजवळच्या एश्बॉर्नमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत अकरा वर्षं नोकरी करत होता आणि तेवढ्या काळात त्याला जर्मनीतली एकच गोष्ट खऱ्या अर्थाने अद्भुत वाटली होती. इथल्या रजेच्या फॉर्मवर ‘कारण’ नावाचा रकाना नसतो. कधीपासून, कधीपर्यंत, किती दिवस, सही. संपलं. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न आहे, असलं काही कुणी विचारत नाही. साताऱ्यात वाढलेल्या माणसाला एवढं स्वातंत्र्य एकदम पेलत नाही. पहिल्या वर्षी त्याने फॉर्मच्या खालच्या कोऱ्या जागेत ‘धाकट्या बहिणीचा, कुंदाचा, साखरपुडा’ असं जर्मनमध्ये नीट लिहून दिलं होतं. पर्सोनाल, म्हणजे कर्मचारी विभागातल्या बाईंनी गोंधळून जाऊन कुंदाला शुभेच्छांचं कार्ड पाठवलं होतं.

साताऱ्यात वाढलेला म्हणजे खरं तर आत्माराम देवस्थळींच्या घरात वाढलेला. आत्माराम म्हणजे चारुदत्तचे वडील. पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते, तेही आस्थापना शाखेत, जिथे लोकांचे रजेचे अर्ज येतात आणि बहुतेकदा तिथेच मुक्काम करतात. पस्तीस वर्षं त्यांनी हे राज्य केलं. आजी वारली म्हणून चार दिवस मागणाऱ्या शिपायाच्या अर्जावर त्यांनी लाल शाईत शेरा मारला होता: ‘यापूर्वी आपल्या दोन आज्या दिवंगत झाल्याची नोंद आहे, सबब खुलासा करावा.’ घरीही वेगळा कायदा नव्हता. शाळेच्या सहलीला जायचं तर वहीच्या पानावर अर्ज लिहायचा, कारण द्यायचं, खाली सही करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पेल्याखाली शेरा मिळायचा. चारुदत्तचं मराठी इतकं स्वच्छ कसं, असं लोक विचारत. तो हसून विषय बदलायचा.

आता हा चारुदत्त जर्मनीत येऊन सुधारला असेल असं कुणाला वाटेल. तो सुधारला नव्हता, त्याने फक्त साहेब बदलला होता. दह्याच्या डब्याचं झाकण एका पिशवीत आणि डबा दुसऱ्या पिशवीत, रविवारी व्हॅक्यूम क्लीनर बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलला उभं राहायचं. शेजारचे म्हातारे हेर (म्हणजे श्रीयुत) बाउअर एकदा रात्री कुणी पाहत नाही असं बघून काचेची बाटली भलत्याच डब्यात टाकत होते, तर चारुदत्तने त्यांना योग्य डबा दाखवला. त्या दिवसापासून त्यांनी याच्याशी बोलणं टाकलं.

वर्षाला तीस दिवस उरलाउब, म्हणजे हक्काची रजा. जर्मन माणूस हे तीस दिवस घेऊन मायोर्काच्या बेटावर, तिरोलच्या डोंगरात, नाहीतर नुसता गॅलरीत जातो. देवस्थळी कुटुंब तीसच्या तीस दिवस घेऊन साताऱ्याला आणि पुण्याला जायचं. त्याला सुट्टी म्हणायचं हा केवळ भाषेचा उदारपणा. चारुदत्तची बायको नंदिनी हिने एका वर्षी मोजलं होतं: तेवीस घरं, तेवीस बशा पोहे, सतरा ओट्या आणि ‘किती वाळलीस गं’ हे वाक्य एकतीस वेळा. मुलगा समर्थ नऊ वर्षांचा आणि मुलगी अन्वी सहा. दोघं प्रत्येक घरात वाकून नमस्कार करायची आणि एकमेकांत जर्मनमध्ये विचारायची की अजून किती राहिलेत. परत आल्यावर नंदिनीला दोन दिवस झोपून काढावे लागायचे. सुट्टीतून बरं व्हायला वेगळी सुट्टी लागते हे मराठी माणसाशिवाय कुणाला समजणार?

दर शनिवारी नंदिनी फ्रँकफर्टला एका व्हिएतनामी दुकानात कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या आणायला जायची. गल्ल्यामागे एक कॅलेंडर होतं. त्यावर एका जुन्या बंदरगावाचं चित्र होतं, होय आन त्याचं नाव. पिवळ्या भिंती, दारोदार रंगीत कापडी कंदील, आणि खालच्या कोपऱ्यात एक समुद्रकिनारा. किनाऱ्यावर एक खुर्ची होती आणि खुर्चीत कुणीही नव्हतं. नंदिनी सहा महिने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत मिरच्या घेत होती. नोव्हेंबरात तिने घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवली आणि सांगितलं, “मला त्या खुर्चीत बसायचंय.”

मग २००८च्या ईस्टरच्या सुट्टीचं ठरलं. दोन आठवडे व्हिएतनाम. साताऱ्याला उन्हाळ्यात जायचंच होतं, म्हणजे पाप अर्धंच होतं. तिकिटं काढली, ती बदलून मिळणार नव्हती. जानेवारीत फॉर्म भरला. चारुदत्तचे साहेब हेर वाइडमान यांनी उभ्याउभ्या सही केली. आणि त्याच आठवड्यात साताऱ्याहून फोन आला की आत्मारामांच्या पंच्याहत्तरीची शांत गुरुजींनी तिथीप्रमाणे काढून दिली आहे, आणि ती आहे नेमकी ईस्टरच्या सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी.

“सरळ सांग ना त्यांना,” नंदिनी म्हणाली. “तिकिटं आधी काढली होती, उन्हाळ्यात येतोय, तेव्हा मोठं जेवण घालू.”

“समुद्रावर जातोय म्हणून सांगू? बाबांच्या शांतीला दांडी मारून?”

“मग समुद्र रद्द कर. तू ठरव. मी काही बोलणार नाही.”

लग्नाला बारा वर्षं झालेल्या कुठल्याही माणसाला हे शेवटचं वाक्य ऐकून घाम फुटतो. चारुदत्तने ठरवलं. म्हणजे त्याने तेच केलं जे दोन्हीकडून भित्रा असलेला माणूस करतो: दोन्ही गोष्टी साधायच्या आणि मध्ये खोटं बोलायचं. बाबांना फक्त कळता कामा नये. त्याने फोन केला आणि आवाजात शक्य तेवढा शीण आणला.

“बाबा, रजाच मिळत नाहीये. ईस्टरला नवीन सिस्टिम चालू करायचीय. साहेब नाही म्हणतात.”

पलीकडे कागदाची सळसळ. आत्माराम फोन घेताना समोर पॅड ठेवत.

“अर्ज लेखी दिला होतास?”

“हो.”

“नकार लेखी आहे?”

“नाही, तोंडी.”

“मग तो नकारच नाही. रजा हक्क म्हणून मागता येत नाही हे मान्य. पण नाकारायची तर कारण नोंदवावं लागतं. पुन्हा अर्ज कर.”

“बाबा, इथे तसं नसतं.”

“सगळीकडे तसंच असतं. साहेबांचं नाव काय? हुद्दा?” आणि चारुदत्तने ‘कशाला’ विचारायच्या आत ते पुढे म्हणाले, “सहज. नोंदीसाठी.”

आता निवृत्त हेडक्लार्कला साहेबाचं पूर्ण नाव, हुद्दा आणि कचेरीचा पत्ता देणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं. चारुदत्तने सगळं दिलं. स्पेलिंगसकट. शिवाय बोलण्याच्या ओघात इथे कामगारांचे प्रतिनिधी असतात, त्यांना बेट्रीब्सराट म्हणतात, हेही सांगून टाकलं. आत्मारामांनी तेही स्पेलिंग विचारून घेतलं. मार्चात पुन्हा फोन झाला तेव्हा चारुदत्तने दुसरा अर्जही फेटाळला गेल्याचं कळवलं. कुंदाने मधूनच फोन हिसकावून घेतला आणि सांगितलं, “दादा, त्या मेल्या साहेबाला देव बघून घेईल.” चारुदत्त म्हणाला, “जाऊ दे गं.” असा त्याचा मोठेपणा.

होय आनपासून समुद्र चार-पाच किलोमीटर. भाताच्या खाचरांमधून सायकलवर जायचं. किनाऱ्याचं नाव आन बांग. तिथे शाकारलेल्या छपराची एक टपरी, अकरा लाकडी आरामखुर्च्या आणि, देवस्थळी सोडले तर, तीन माणसं. त्यातला एक झोपलेला होता. शहाळं घेतलं की खुर्ची दिवसभर आपली. कॅलेंडरातलीच खुर्ची असावी अशा खात्रीने नंदिनीने एक निवडली, पाय लांब केले आणि पहिल्या दिवशी चार तास काहीही केलं नाही. चारुदत्तला ते पाहून अस्वस्थ वाटलं. त्याने आठ दिवसांचा कार्यक्रम छापून आणला होता. त्यात जुना लाकडी पूल होता, व्यापाऱ्यांची घरं होती, एका दिवसात कपडे शिवून देणारा शिंपी होता, आणि ‘आराम’ मंगळवारी अकरा ते एक होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तो एकटाच सायकलवरून किनाऱ्यावर गेला आणि पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्यांवर चार टॉवेल पसरून आला. हा जर्मन माणसाचा पवित्र विधी आहे. जगातल्या कुठल्याही समुद्रावर जर्मन माणूस पहाटे जाऊन टॉवेलने खुर्ची आपली करून येतो आणि मग निवांत न्याहारीला बसतो. चारुदत्तने तो इतक्या निष्ठेने उचलला होता की टॉवेलच्या कडा वाऱ्याने उलटू नयेत म्हणून त्यांवर दगडही ठेवले.

नऊला सगळे पोचले तर टॉवेल नाहीत. टपरीची मालकीण, पन्नाशीची, डोक्यावर पानाची टोपी घातलेली बाई, चारही टॉवेल घडी करून घेऊन आली आणि चक्क जर्मनमध्ये म्हणाली, “काल विसरून गेलात.” ही बाई तरुणपणी सहा वर्षं पूर्व जर्मनीत, लायप्त्सिगजवळच्या सूतगिरणीत कामाला होती. चारुदत्तने तिला समजावलं की विसरलेले नाहीत, जागा धरली होती. बाई अकरा खुर्च्यांकडे पाहत राहिली. मग झोपलेल्या माणसाकडे. मग चारुदत्तकडे.

“आल्झो, बरं,” ती म्हणाली, “कुणापासून?”

तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा टॉवेल टाकले. या वेळी तिने ते धुऊन वाळत घातले. चौथ्या दिवशी तो सात वाजेपर्यंत झोपला. पाचव्या दिवशी समर्थ आणि अन्वी कोळ्यांच्या गोल टोपलीसारख्या नावेत गरगर फिरत “नोख माल! नोख माल!” म्हणजे पुन्हा, पुन्हा, असं ओरडत होती, नंदिनी मोठ्याने हसत होती आणि चारुदत्तच्या लक्षात आलं की कार्यक्रमाचा कागद शहाळ्याखाली ओला होऊन फाटलाय. त्याला वाईट वाटलं नाही. बायकोला असं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं, हे त्याला आठवेना, आणि त्याचं मात्र वाईट वाटलं.

तरी एक काम तो नेमाने करत होता. गावातल्या इंटरनेटच्या दुकानात जाऊन रोज फ्रँकफर्टचं हवामान बघायचा. खोटं बोलायचं तर आकडेवारीसह बोलावं. फ्रँकफर्टात त्या आठवड्यात बर्फ भुरभुरत होतं. रविवारच्या फोनवर त्याने आईला उणे दोन डिग्री, वारा, आणि आपल्याला झालेली सर्दी असं सगळं कळवलं होतं. आईने, म्हणजे सुधाबाईंनी, सुंठ घ्यायला सांगितलं. तो किनाऱ्यावर उघडा बसून “घेतो” म्हणाला.

बुधवार उजाडला. साताऱ्यात अकराला शांत, म्हणजे इथे साडेबारा, म्हणजे जर्मनीत सकाळचे साडेसात. हे गणित चारुदत्तने तळहातावर लिहून ठेवलं होतं. लाटांचा आवाज जाऊ नये म्हणून तो टपरीच्या मागे स्वयंपाकाच्या खोपटात शिरला आणि त्याने आपल्या जर्मन मोबाइलवरून फोन लावला.

“बाबा, नमस्कार करतो. इथूनच.”

“आयुष्मान हो.” मागे मंत्र, भांडी, कुणाचं तरी हसणं. “ऑफिसात आहेस?”

“हो, सातलाच आलो.”

तेवढ्यात खोपटाच्या दारात एक कोंबडा आला आणि त्याने मान ताणून जोरदार आरवून घेतलं.

“कोंबडा आहे का रे तो?”

“कुणाच्या तरी मोबाइलची रिंगटोन, बाबा.”

आणि देव भित्र्यांच्या पाठीशी असतो म्हणतात ते खोटं नाही, कारण नेमक्या त्याच क्षणी मालकीण बाई बाहेरून खणखणीत जर्मनमध्ये ओरडली की जेवण तयार आहे. साताऱ्यापर्यंत अस्सल जर्मन ऐकू गेलं. चारुदत्तने मनातल्या मनात तिचे पाय धरले.

“शेवटी साहेबांनी नाहीच सोडलं ना?” आत्मारामांनी विचारलं. हळू विचारलं.

“नाही ना, बाबा.”



“हं. चालायचंच. कामाचं बघ. आणि पोरांना उन्हात फार हिंडवू नकोस. टोप्या घाल.”

“हो बाबा,” म्हणून चारुदत्तने फोन ठेवला. उन्हात? उणे दोन डिग्रीत? मग त्याने स्वतःची समजूत घातली की पंच्याहत्तरी झाली, आता जरा विसरायला होणारच. बापाच्या वयाचा एवढा आधार त्याला कधी वाटला नव्हता. बाहेर येऊन त्याने मासे भातासोबत खाल्ले आणि ते चांगले लागले नाहीत.

सुट्टीनंतरच्या सोमवारी सकाळी वाइडमानसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर पाण्याचा ग्लास होता, तो त्याच्यासाठी होता. शेजारी पर्सोनालच्या त्या बाई आणि बेट्रीब्सराटचे एक प्रतिनिधी बसले होते, दोघांचे चेहरे कुणी गेल्यासारखे.

“हेर देवस्थळी,” वाइडमान म्हणाले, “मी चोवीस वर्षं या पदावर आहे. मी कुणाचीही रजा अन्यायाने नाकारलेली नाही. हे तुम्हाला मान्य आहे का?”

“गेनाऊ, अगदी,” चारुदत्त म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं.

त्यांनी एक जाड लिफाफा पुढे सरकवला. भारताची तिकिटं, रजिस्टर पोस्टाचा शिक्का, सोबत पोचपावती. आतलं इंग्रजी पत्र टाइप केलेलं होतं आणि त्या टाइपरायटरचा वर सरकलेला ‘ई’ चारुदत्तने जगात कुठेही ओळखला असता. खाली सहपत्रांची यादी होती: निमंत्रणपत्रिका, आत्मारामांचा जन्मतारखेचा दाखला, आणि चारुदत्तने अकरा वर्षांत घेतलेल्या रजांचा तक्ता, जो साताऱ्याच्या घरातल्या वहीवरून अचूक बनवलेला होता. एक प्रत बेट्रीब्सराटला, माहिती व उचित कार्यवाहीसाठी.

पत्र विनम्र होतं. मुलास आठ दिवस देणे शक्य नसल्यास चार द्यावेत, चार शक्य नसल्यास दोन, त्या बदल्यात तो दिवाळीत काम करील अशी हमी वडील या नात्याने देण्यात येत आहे. शेवटचा परिच्छेद मात्र कचेरीतल्या भाषेत नव्हता. ‘महोदय, मी स्वतः पस्तीस वर्षं लोकांच्या रजा नाकारल्या. त्या अनुभवावरून सांगतो, कुणी गेल्याने कचेरी बंद पडत नाही. मला हे फार उशिरा समजलं. तुम्हाला लवकर समजावं अशी इच्छा आहे.’

चारुदत्तने पत्र खाली ठेवलं. त्याने पाणी पिऊन घेतलं. ग्लास का ठेवला होता ते आता कळलं.

“मी तत्काळ उत्तर दिलं,” वाइडमान म्हणाले. “तुमचा फॉर्म जानेवारीतच मंजूर झालाय, त्याची प्रत पाठवली. तुम्ही सध्या कुटुंबासह व्हिएतनामच्या किनाऱ्यावर सुट्टीवर आहात हेही कळवलं, म्हणजे वडिलांची काळजी मिटेल. पत्रावर फॅक्स नंबर होता.”

नंबर साताऱ्याच्या घराच्या गल्लीच्या तोंडावरच्या, दत्ताच्या झेरॉक्सच्या दुकानाचा होता.

“तुम्ही मला का नाही कळवलंत?”

वाइडमान दुखावले. “तुम्ही रजेवर होता! रजेवरच्या माणसाला ऑफिसचा त्रास द्यायचा नसतो.”

फॅक्सच्या पावतीवर तारीख होती. शांतीच्या आठ दिवस आधीची. म्हणजे बुधवारी फोनवर ‘साहेबांनी नाहीच सोडलं ना’ असं विचारणाऱ्या माणसाच्या खिशात हा फॅक्स होता. कोंबडा आरवला तेव्हाही होता. विसरण्याबिसरण्याचा प्रश्नच नव्हता. तरी त्यांनी विचारलं होतं, आणि चारुदत्त म्हणाला होता, नाही ना, बाबा.

“मला एकच समजत नाही,” वाइडमान खरोखरच न समजून म्हणाले. “तुम्ही वडिलांना सरळ का नाही सांगितलंत की समुद्रावर जायचंय?”

नंदिनीने मराठीत सांगितलं होतं तेच. चारुदत्तने तिघांची माफी मागितली. प्रतिनिधींनी तेही टिपून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत त्याने कुंदाला फोन केला. फॅक्सबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. उलट ती कौतुकाने सांगत होती, “बाबांनी अख्ख्या मांडवाला सांगितलं, दादा. ‘त्याच्यावाचून तिथलं पान हलत नाही, साहेब सोडायलाच तयार नाही.’ जो येईल त्याला तेच. आम्हाला पाठ झालं.” चारुदत्तला भर दुपारी, कँटीनच्या मागे, कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांशेजारी उभं राहून रडू आलं. आयुष्यभर शिपायांच्या आज्या मोजणारा माणूस त्याच्यासाठी मांडवभर खोटं बोलत फिरला होता.

संध्याकाळी त्याने साताऱ्याला फोन लावला. आत्मारामांनी वाक्य सुरूही होऊ दिलं नाही. “फोनवर चर्चा नको. लेखी पाठवलंय.” आणि फोन ठेवला.

पुढचे आठ दिवस चारुदत्त नीट जेवला नाही. बाबा रागावले असते तर त्याला सोसलं असतं. आपण त्यांच्या मनातून उतरू ही त्याची खरी भीती होती, आणि त्याने ती नंदिनीला बोलून दाखवली. नंदिनी ‘मी सांगितलं होतं’ म्हणाली नाही. तिने त्याच्या ताटात भात वाढला. नवव्या दिवशी पोस्टाची चिठ्ठी आली. पोस्टाच्या खिडकीपाशीच उभं राहून त्याने लिफाफा फोडला.

वर ‘कार्यालयीन आदेश’ होतं. विषय: चि. चारुदत्त यांच्या रजेस कार्योत्तर मंजुरी देणेबाबत. ज्यांना सरकारी कचेरीचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी: आधी न विचारता केलेल्या कामाला मागाहून दिलेली परवानगी म्हणजे कार्योत्तर मंजुरी. खाली लिहिलं होतं की उपरोक्त दोन आठवड्यांची रजा मंजूर करण्यात येत आहे. रजेचे कारण असत्य दिल्याबद्दल समज देण्यात येत आहे. सदर समज मुलांना वाचून दाखवू नये. सही, शिक्का. शिक्का कुठला असणार, घरभाड्याच्या पावतीसाठी बनवलेला स्वतःच्या नावाचा होता, तो मारला होता.

पानामागे मात्र हाताने लिहिलं होतं.

‘चारू, खुलासा मागवल्याशिवाय कारवाई करू नये असा नियम आहे, म्हणून त्या दिवशी फोनवर विचारलं. तू नाही म्हणालास. राग आला. मांडवातून उठून आत जाऊन बसलो. मग आठवलं. शहात्तर साली तुझ्या आईने हर्णैला जाऊ म्हटलं होतं, चार दिवस. तिने समुद्र पाहिला नव्हता. तुला वाळूसाठी लाल बालदी आणली होती. माझा अर्ज मीच लिहिला, आणि साहेब काय म्हणतील या भीतीने तो पुढे पाठवलाच नाही. घरी सांगितलं, साहेबांनी रजा नाकारली. तेच वाक्य, जे तू मला सांगितलंस. मी साहेबाला भ्यायलो, तू मला भ्यायलास. म्हणजे या घरातला साहेब मीच होतो, हे मला तिथे आत बसल्यावर कळलं. तुझ्या आईला परवा सगळं सांगितलं, शहात्तरचंही. ती अजून बोललेली नाही. तिथला समुद्र कसा होता ते लिही.’

लाल बालदी चारुदत्तला पक्की आठवत होती. तिच्यात नंतर कांदे ठेवत. मागचं गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून पोस्टाच्या बाईने दोनदा हाक मारली, तेव्हा तो भानावर आला.

दुसऱ्या दिवशी त्याने रजेचा नवा फॉर्म घेतला. डिसेंबर, दहा दिवस. वाइडमानसाहेबांनी आता धसकाच घेतला होता. तारखा वाचायच्या आत त्यांनी सही केली आणि वर स्वतःहून पर्सोनालचा शिक्काही मारून आणला. कारणाचा रकाना नव्हताच. चारुदत्तने खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं: ‘आईवडिलांना हर्णैला नेणे.’ आणि तो कागद साताऱ्याला, दत्ताच्या दुकानात फॅक्स केला. सोबत मराठीत एक ओळ टाकली की अर्जदार श्री. आत्माराम देवस्थळी यांनी या तारखांना रजा घ्यावी ही विनंती.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही. ते आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसच्या फॅक्सवर. कागदावरचं अक्षर बाबांचं नव्हतं. मोठं, थोडं थरथरतं, ओळी सोडून गेलेलं. सुधाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा शेरा मारला होता.

‘ह्यांची रजा मंजूर केली आहे. कारण विचारलेलं नाही. बालदी आणते.’